‘नो डिस्क’

आषाढाच्या शुद्ध पक्षात ज्ञानेश्वर माउलींची पालखी माळशिरसचा मुक्काम हलवून वेळापूरकडे निघते, तेव्हा वाटेवरच्या गावांत पालखीच्या आधी आवाज पोचतो. टाळ, पखवाज, दिंड्यांच्या ट्रकवरचे कर्णे आणि घराघरांत लावलेले हरिपाठ. या घरगुती हरिपाठाची साधनं बदलत गेली. आधी कॅसेट होती, मग सीडी आली, आता मोबाइल. तरी सोलापूर जिल्ह्यात टीव्हीखालच्या कप्प्यात सीडी प्लेअर राहिलेली घरं अजून सापडतात, आणि तो प्लेअर आठवतो तो नेमका वारीच्या दिवसांत. हरिपाठाची डिस्क ट्रेवर ठेवली जाते, ट्रे आत जातो, आतून दोन-तीनदा टिकटिक ऐकू येते आणि निळ्या पट्टीवर अक्षरं उमटतात: नो डिस्क.

डिस्क तर आत आहे.

घरातली बाई म्हणते, “हरिपाठ गेला.” दुरुस्तीवाला म्हणतो, “मावशी, हरिपाठ कुठं जातोय? त्यो हाय तिथंच हाय. मशीन वाचंना झालंय.” अशी दोन वाक्यं कुठल्याही दुकानाच्या काउंटरवर ऐकू येतील, आणि ती ज्या वादातली आहेत तो वाद या देशात शतकानुशतकं चालला. शब्द उच्चारण्याआधी असतो का? ऐकू यायचा थांबला म्हणजे तो नष्ट झाला, की फक्त झाकला गेला? मीमांसक म्हणाले, शब्द नित्य आहे. घसा, ओठ आणि हवा त्याला प्रकट करतात. नैयायिक म्हणाले, शब्द उत्पन्न होतो आणि विरतो. दुरुस्तीवाला नकळत मीमांसकांच्या बाजूला उभा आहे. निदान पेचकस हातात घेईपर्यंत तरी.

जैमिनीच्या मीमांसासूत्रांत पहिल्याच अध्यायाच्या पहिल्या पादात हा प्रश्न येतो, आणि जैमिनी प्रतिपक्षाला आधी मनसोक्त बोलू देतो. शब्द प्रयत्नाने निर्माण होताना दिसतो. तो टिकत नाही. एकाच वेळी अनेक ठिकाणी ऐकू येतो, मग तो एक कसा? बोलणारे वाढले की तो वाढतो, मग तो नित्य कसा? आक्षेप तगडे आहेत, उत्तरंही तशीच. सूर्य एकच असतो आणि गावोगावच्या माणसांना आपापल्या डोक्यावर दिसतो, तसा शब्द. दहा जणांनी मिळून म्हटलं की वाढतो तो नाद, शब्द वाढत नाही. शबरस्वामींच्या भाष्यात यावर एक सुरेख निरीक्षण आहे: ‘गाय’ हा शब्द कुणी आठदा उच्चारला तर लोक ‘आठ वेळा उच्चारला’ असं म्हणतात, ‘आठ गाय-शब्द झाले’ असं कुणी म्हणत नाही. संख्या उच्चाराला लागते, शब्दाला लागत नाही.

सीडीच्या बाबतीत हे सहज पटतं. बाबामहाराज सातारकरांच्या आवाजातला हरिपाठ सकाळ-संध्याकाळ वाजला तरी घरातला माणूस तो एकच हरिपाठ मानतो. वारकरी मात्र ‘आज तीन हरिपाठ झाले’ असं म्हणतोच म्हणतो, आणि हे शबरांच्या विरुद्ध जातं असं वाटेल. जात नाही. तो म्हणण्याची कृती मोजतोय.

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात गौतम उलटी बाजू मांडतात. शब्दाला आरंभ आहे, तो इंद्रियाला कळतो आणि बनवलेल्या वस्तूबद्दल बोलावं तसं त्याच्याबद्दल बोललं जातं. भाष्यकार वात्स्यायन इथे कुऱ्हाडीचा दाखला देतात. दूर कुणी लाकूड तोडत असेल तर कुऱ्हाड आणि लाकूड यांचा संयोग संपल्यावर घाव ऐकू येतो. दिवा विझला की घडा दिसेनासा होतो, कारण दिवा घड्याला फक्त प्रकट करत होता. घाव हा शब्दाला प्रकट करणारा असता, तर घाव संपल्यावर शब्द ऐकूच यायला नको होता. तो येतो, म्हणजे घावाने शब्द निर्माण केला, त्या शब्दाने पुढचा, त्याने त्याच्या पुढचा, पाण्यावर तरंगांमागून तरंग उठावेत तसा, आणि अखेरचा कानापर्यंत पोचला.

मीमांसकांकडे यालाही उत्तर होतं: प्रकट करतात ते हवेतले संयोग-विभाग, आणि ते प्रवास करत कानापर्यंत येतात, कुऱ्हाड कधीच थांबली असली तरी हरकत नाही. पण वात्स्यायनांना १९९० च्या दशकातला खिशात मावणारा सीडी प्लेअर दाखवता आला असता तर ते खुश झाले असते. त्यातला धक्कारोधक प्रकार काही सेकंदांचं संगीत आगाऊ वाचून स्मृतीच्या चिपमध्ये ठेवतो. प्लेअर हिंदकळून लेझरचा माग सुटला तरी गाणं तेवढे सेकंद चालूच राहतं.

डिस्कमध्ये असतं तरी काय? सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून १९८० साली सीडीचं प्रमाण ठरवलं, आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेअर जपानच्या बाजारात आला. १२ सेंटीमीटर व्यासाची, १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती, तिच्यावर अॅल्युमिनियमचा अतिपातळ थर, त्यावर लाखेचा मुलामा आणि छापील चित्र. चकतीवर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल रेघ असते, तिच्या वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन. रेघेवर खळगे आहेत आणि खळग्यांमध्ये सपाट जागा. एका सेकंदाच्या आवाजासाठी प्रत्येक बाजूचे ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं, आणि बहुतेकांचा समज असा असतो की खळगा म्हणजे एक आणि सपाटी म्हणजे शून्य. तसं नाही. खळग्याची कड म्हणजे एक: सपाटीतून खळग्यात उतरताना किंवा खळग्यातून वर चढताना. कड नसेल तिथे शून्य, मग खाली खळगा असो की सपाटी. ‘एक’ कुठल्याच जागेत नाही. तो बदलात आहे.

नैयायिक इथे ठामपणे म्हणेल की या चकतीत शब्द मुळीच नाही. त्याच्या दर्शनात शब्द हा आकाशाचा गुण. प्लॅस्टिकच्या खळग्यांना तो असूच शकत नाही. आठवणही नाही, कारण आठवण जागी करणारा भावना-संस्कार फक्त आत्म्याला असतो. डिस्कमध्ये आकार आहेत. त्यांच्यापासून यंत्र दर वेळी नवा शब्द निर्माण करतं, आणि ‘नो डिस्क’ म्हणजे निर्मिती थांबली. आधुनिक अभियंता जवळपास हेच बोलेल.

मग दुरुस्ती कशाची करायची?

इथे मात्र मीमांसक आणि नैयायिक दोघांनाही न्यायशास्त्राच्याच दारात यावं लागतं. बिघाड शोधणं म्हणजे अनुमान, आणि अनुमानाचं व्याकरण गौतमांच्या परंपरेइतकं बारकाईने फार कमी जणांनी लिहिलं. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे, हे उदाहरण शाळकरी मुलांनाही माहीत असतं. त्यापुढचा धडा कमी लोकांना माहीत असतो: आग आहे म्हणून धूर असेलच, असं नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धूर यायला इंधन ओलं लागतं. ही लपलेली अट, म्हणजे उपाधी, ज्याच्या ध्यानात येत नाही त्याचं अनुमान फसतं.

‘नो डिस्क’ दिसलं की “लेझर गेला” हे वाक्य दुकानात सर्रास ऐकू येतं. लेझर गेला असेल तर ‘नो डिस्क’ येणार, हे खरं. उलटं खरं नाही. लेन्सवर धूळ असली, डिस्क उलटी ठेवली गेली, वरून डिस्क दाबणारी चकती नीट बसली नाही, लेन्सची गाडी ज्या दांड्यावरून सरकते त्यावरचं ग्रीस वाळून घट्ट झालं, फिरवणारी मोटार थकली, पट्टीसारखी केबल घडीवर तुटली, पॉवर सप्लायमधला कंडेन्सर सुकून व्होल्टेज पडलं, या प्रत्येक वेळी काचेवर तेच दोन इंग्रजी शब्द येतात. साध्य नसलेल्या ठिकाणीही जो हेतू सापडतो त्याला नैयायिक सव्यभिचार म्हणतात आणि हेत्वाभासांत बसवतात. या हेत्वाभासाची किंमत गिऱ्हाइकाला नवा पिकअप, म्हणजे लेझर आणि लेन्सचा जोड, विकत घेऊन चुकवावी लागते.

चांगला कारागीर आधी काही बदलत नाही. प्लग काढून झाकण उघडतो, मग पुन्हा वीज देऊन यंत्र काय करतं ते नुसतं बघतो. बघतानाही पथ्य आहे: लेझरचा प्रकाश ७८० नॅनोमीटरचा, जवळपास अदृश्य असतो, त्यामुळे लेन्समध्ये वरून सरळ डोळा घालायचा नाही, आणि मेन्सच्या बाजूला बोट न्यायचं नाही. बहुतेक प्लेअरमध्ये ट्रे बंद झाला की क्रम ठरलेला असतो. लेन्सची गाडी आतल्या टोकाला जाते. लेझर लागतो. लेन्स दोन-तीनदा वर-खाली होऊन डिस्कचा पृष्ठभाग शोधते. बाहेर ऐकू येणारी टिकटिक तीच. फोकस मिळाला तरच मोटार डिस्क फिरवते, आणि मग आतल्या वेढ्यांवरची अनुक्रमणिका वाचली जाते. क्रम माहीत असला की तो कुठे तुटतो एवढंच पाहायचं. लेन्स हलतच नाही? केबल किंवा चालक चिप. हलते पण डिस्क फिरत नाही? फोकस मिळत नाही, म्हणजे धूळ किंवा थकलेला लेझर. डिस्क व्यवस्थित फिरली आणि तरीही ‘नो डिस्क’ आलं? मग लेझर पुरता मेला असं म्हणता येत नाही, कारण फोकस त्याच्याच प्रकाशाने लागतो. ट्रेच बाहेर येत नसेल तर नव्वद टक्के लोक बटणाला दोष देतात आणि आतला रबरी बेल्ट ढिला झालेला असतो. (हा आकडा बोलण्यातला आहे, कुणी मोजलेला नाही.)

मग अन्वय-व्यतिरेक, म्हणजे एक गोष्ट असताना आणि नसताना काय होतं ते ताडून पाहणं. कंपनीची छापील डिस्क घालून बघायची, मग घरच्या संगणकावर उतरवलेली. छापील वाजते आणि उतरवलेली वाजत नाही, असं असेल तर संशय लेझरच्या ताकदीवर जातो, कारण उतरवलेल्या डिस्कमधून प्रकाश कमी परततो. दोन्ही वाजत नसतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा लेन्सवरून अलगद फिरवायचा, दांडा पुसून नवं ग्रीस लावायचं, आणि पुन्हा तीच परीक्षा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि यंत्र चाललं, तर यंत्र मिळतं पण कारण हातचं जातं.

एकेक शक्यता बाजूला सारत उरलेलीवर बोट ठेवणं, याला वात्स्यायन शेषवत् अनुमान म्हणतात. आणि त्याचं उदाहरण म्हणून त्यांनी निवडलंय काय, तर शब्द! शब्द द्रव्य आहे, गुण आहे की कर्म? द्रव्य नाही, कर्मही नाही. उरला गुण, म्हणून शब्द गुण. ज्या रीतीने प्लेअर दुरुस्त होतो तीच रीत भाष्यकारांनी आवाजावरच चालवून दाखवली आहे. योगायोग म्हणावा, पण मजेदार आहे.

पिकअपच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, कारागीर त्याला प्रीसेट म्हणतात. काही यंत्रांत तो लेझरची ताकद ठरवतो. थकलेल्या लेझरचा प्रीसेट थोडा फिरवला की बहुतेकदा प्लेअर वाजू लागतो, गिऱ्हाईक पैसे देतं, आणि काही दिवसांनी जादा प्रवाहाने उरलासुरला लेझरही जळतो. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने हा स्क्रू सीडी प्लेअरमधला सगळ्यांत महत्त्वाचा भाग मानायला हरकत नाही. ज्ञान खरं की खोटं हे ठरवण्याची नैयायिकांची कसोटी अशी की त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफळ व्हावी. तहानलेला पाणी दिसलं म्हणून जातो आणि पाणी मिळतं, म्हणजे ज्ञान खरं. इथे कृती सफळ झाली, हरिपाठ सुरू झाला, आणि “प्रीसेट हलला होता” हे निदान मात्र साफ खोटं. मीमांसक स्वतःप्रामाण्यवादी, त्यांच्या मते ज्ञान जोवर बाधित होत नाही तोवर ते खरं मानून चालायचं. ते म्हणतील, थांबा, बाध येईल. येतोही, पण तोवर पालखी पंढरपूरला पोचलेली असते. या एका बाबतीत दोन्ही पंथांना दुरुस्तीवाल्याच्या बाकावर थोडं अवघडायला होईल.

यंत्र ठीक असलं आणि डिस्कच खराब असली तर? चमकत्या बाजूवर ओरखडे सगळेच बघतात. खरा धोका चित्राच्या बाजूला असतो, कारण अॅल्युमिनियमचा थर त्या पातळ लाखेच्या लगेच खाली आहे. तिथे खरवडलं किंवा हवा शिरून थर काळवंडला की त्या जागेची माहिती कायमची गेली. चमकत्या बाजूचा ओरखडा पुष्कळदा सोसला जातो, आणि तो का सोसला जातो हे पाहिलं की वाद नव्या ठिकाणी पोचतो.

अर्व्हिंग रीड आणि गुस्टाव सोलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० साली चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांची एक पद्धत मांडली. सीडी तीच वापरते, वर आणखी एक युक्ती करून: लगतची माहिती लगत ठेवत नाही, रेघेवर दूरदूर विखरून ठेवते, आणि तिच्यासोबत पडताळ्याचे जादा आकडे. त्यामुळे रेघेवर सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग भाग वाचता आला नाही तरी हरवलेले आकडे उरलेल्यांवरून तंतोतंत काढता येतात. डिस्क पुसताना मधून बाहेर, आऱ्यांच्या दिशेने पुसावी असं म्हणतात ते याचसाठी. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो रेघेच्या बाजूने जातो आणि सलग माहिती खातो. आडवा ओरखडा प्रत्येक वेढ्याचा जरासा तुकडा घेतो, आणि तेवढं गणित भरून काढतं.

वेदपाठी घराण्यांना ही कल्पना परकी वाटू नये. संहिता म्हणून झाली की पदपाठ, मग क्रमपाठ, मग जटा, मग घन. जटेत पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, पुन्हा पहिलं-दुसरं अशी पदं पुढे-मागे विणली जातात. घनात तिसरं पद येऊन वीण आणखी दाट होते. एक पद चुकलं तर उलट फेरीत ते अडतंच. हे सगळं कागदाशिवाय, घशांवर. युनेस्कोने वेदपठणाच्या परंपरेला २००३ साली मानवी वारशात स्थान दिलं. वेद अपौरुषेय आणि नित्य मानणाऱ्यांनीच चुका पकडण्याची एवढी कडेकोट व्यवस्था उभी करावी, यात गंमत आहे. नित्य वस्तूला पहारा कशाला? मीमांसक म्हणेल, पहारा प्रकट होण्यावर आहे. उत्तर तर्काला धरून आहे. पण ज्या माणसाने बारा वर्षं घन घोकला त्याला विचारलं तर नित्यतेला किती श्रम लागतात हे तो जास्त नेमकं सांगेल.

शब्द कशावर टिकतो, हा मुद्दा वेळापूरला दगडात पाहता येतो. गावातलं अर्धनारीनटेश्वराचं मंदिर यादवकाळचं. गाभाऱ्यात शिव आणि पार्वती एकाच पाषाणात, जोडीने आहेत. कालिदासाने रघुवंशाच्या आरंभी याच दांपत्याला शब्द आणि अर्थ यांच्यासारखं एकमेकांत मिसळलेलं म्हटलं, आणि शब्दार्थांचा संबंध कुणी जोडलेला नसून मुळातलाच आहे हा मीमांसकांचा आवडता सिद्धांत. मंदिराच्या परिसरात देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाच्या काळातले, इसवी सन १३०० च्या आसपासचे शिलालेख सापडले. प्राचीन मराठी कोरीव लेखांच्या अभ्यासात वेळापूरचं नाव येतं ते त्यांच्यामुळे. अक्षरं सातशे वर्षं दगडावर आहेत. खळगे आणि सपाटी, आणि त्यांना वाचायला प्रकाश.

त्याच रामचंद्रदेवाच्या राज्यात, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून झाली. ती लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांच्या हातची मूळ प्रत आज उपलब्ध नाही. म्हणजे एका दशकाच्या अंतरातली दोन मराठी लेखनं: एकाचं माध्यम शाबूत, दुसऱ्याचं गेलेलं. शिलालेख वाचायला आज तज्ज्ञ लागतो आणि गावातल्या कुणाला त्याची एक ओळ पाठ असण्याचं कारण नाही. ज्ञानेश्वरीच्या ओव्या मात्र वेळापूरच्या मुक्कामात शेतकऱ्यांच्या तोंडून ऐकू येतात. टिकाऊ माध्यमात शब्द टिकतो ही समजूत इथे उलटी पडते. जे म्हटलं गेलं ते राहिलं. जे कोरलं गेलं ते जपलं गेलं, एवढंच.

राहिलं, पण बिनचूक राहिलं का? तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले, आणि शके १५०६ मध्ये, १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला. या कामाच्या शेवटी जोडलेल्या ओव्यांत त्यांनी पुढच्यांना बजावलं आहे की यात आपली ओवी घालणारा अमृताच्या ताटात नारळाची करवंटी मांडतो. संपादकाने स्वतःवर घातलेलं इतकं कडक बंधन जुन्या वाङ्मयात विरळाच. हरवलेलं सापडलं तर लावा, नाही सापडलं तर रचू नका.

सीडी प्लेअर हे बंधन पाळत नाही. ओरखडा मोठा असेल आणि गणिताने आकडा निघाला नाही, तर तो मागचा आणि पुढचा नमुना घेऊन मधला अंदाजाने भरतो. अंदाज इतका गुळगुळीत असतो की कानाला पत्ता लागत नाही. त्याहून मोठं भगदाड असेल तेव्हाच तो क्षणभर गप्प बसतो किंवा अडखळतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की आत्ता कुठे डिस्क बिघडली. त्याआधी कितीतरी वेळ प्लेअर प्रक्षेप, म्हणजे मागाहून घुसवलेला मजकूर, वाजवत होता. एकनाथांच्या कसोटीने पाहिलं तर अडखळणारा प्लेअर अधिक प्रामाणिक. बाजाराच्या कसोटीने तो दुरुस्तीला टाकायचा.

आता घरातल्या बाईच्या वाक्यामागचा दुसरा प्रश्न, जो काउंटरवर कुणी विचारत नाही. यंत्राने म्हटलेला हरिपाठ हरिपाठ होतो का?

मीमांसकांकडे गेलं तर उत्तर रोखठोक मिळेल: कर्माला कर्ता लागतो, अधिकार लागतो, बटणाला दोन्ही नाहीत. वारकऱ्यांकडे गेलं तर उत्तर एवढं सरळ येत नाही, कारण त्यांच्या कथांमध्येच न समजता उच्चारणाऱ्यांची रेलचेल आहे. पैठणच्या धर्मसभेपुढे ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवल्याची कथा आहे. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे इथे दाखवतात आणि लोक तिथे माथा टेकतात. वेश्येने पोपटाला रामनाम शिकवलं आणि ती तरली, ही कथा कीर्तनकारांच्या नेहमीच्या साठ्यातली. तिच्यात उच्चारतो पोपट आणि तरते गणिका. शिकवताना नाम तिच्या तोंडी आलं म्हणून. या हिशेबाने यंत्र कितीही वाजलं तरी त्याचं त्याला काही नाही. प्रश्न उरतो तो ऐकता ऐकता कुणाचे ओठ हलले याचा. हरिपाठाची सीडी लावून घरात भाजी निवडणारी बाई दुसऱ्या-तिसऱ्या अभंगापासून सोबत म्हणू लागते, आणि तिथून पुढे सीडी साथीला असते. दुरुस्तीचं सगळं समर्थन करायचं तर ते एवढ्यावर करता येईल. सीडी लावून घर बंद करून शेतावर जाणाऱ्यांसाठी मात्र वरचा कुठलाच दाखला उपयोगी नाही.

पोपटाचा प्रश्न नैयायिकांनीही सोडलेला नाही, आणि त्यांनी तो त्यांच्या खास कोरड्या पद्धतीने हाताळला. वाक्याचा अर्थ कळायला बोलणाऱ्याचं तात्पर्य कळावं लागतं, असं त्यांचं मत. मग पोपटाच्या वाक्याचा अर्थ कसा लागतो? त्याला तर काहीच म्हणायचं नसतं. सतराव्या शतकातले विश्वनाथ पंचानन यांच्या मुक्तावलीत याचा निवाडा सापडतो: पोपटाचं वाक्य वस्तुस्थितीशी जुळणारं असेल तर त्यामागे ईश्वराचं तात्पर्य धरावं, जुळणारं नसेल तर ज्याने शिकवलं त्याचं.

सीडी प्लेअरला हा नियम लावून पाहण्यासारखा आहे. हरिपाठाचे जे नमुने डिस्कवरून जसेच्या तसे आले, किंवा रीड-सोलोमनच्या गणिताने तंतोतंत परत मिळाले, त्यांचं तात्पर्य कुणाचं हे भाविकांनी ठरवावं. पण ओरखड्यावर लेन्स घसरते आणि मधला नमुना अंदाजाने भरला जातो, तेव्हा तो ना ज्ञानदेवांचा असतो ना गायकाचा. सेकंदाच्या चव्वेचाळीस हजाराव्या हिश्शाचा तो आवाज कुठल्यातरी प्रयोगशाळेत चिप आखणाऱ्या इंजिनिअरांनी, मागच्या-पुढच्या नमुन्यांची सरासरी घ्यायची असं ठरवून, त्या यंत्राला शिकवलेला असतो. विश्वनाथांच्या निवाड्याप्रमाणे हरिपाठाचा तेवढा भाग त्या इंजिनिअरांच्या नावावर पडतो, आणि वेळापूरला टाळ वाजवत बसलेल्या घराला त्याची काही तक्रार असेल असं वाटत नाही.